मक्याची लाही, मीठ आणि दहा रुपये

मिरजेतल्या एका शाळेने मधल्या सुट्टीतले बटाट्याचे वेफर्स बंद केले आणि त्याऐवजी पॉपकॉर्नची दहा रुपयांची पुडी ठेवायचं ठरवलं. पुडी पुरवायचं काम अप्पांकडे आलं. अप्पांचं चिवडा-फरसाणाचं दुकान दोन पिढ्यांचं. वडील भट्टीवर वाळूत चुरमुरे, फुटाणे, लाह्या भाजायचे. अप्पांनी गॅसवरचं यंत्र आणलं. आता त्यांच्या मुलाने पाकिटाचा नमुना करून आणला होता. वर हिरव्या ठसठशीत अक्षरांत ‘पौष्टिक’ आणि खाली बारीक टायपात ‘फळांपेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट’. पुतणी माधवी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे, ती नेमकी त्या दिवशी दुकानात आलेली. मी भडंग घ्यायला गेलो होतो. भडंग बांधून झालं तरी उठलो नाही, कारण गल्ल्यापाशी जे सुरू झालं ते सोडून जाण्यासारखं नव्हतं.

अप्पा : हे बघ आणि होय म्हण. उद्या छापायला द्यायचंय.

माधवी : ‘पौष्टिक’ काढा.

अप्पा : आता का? मैदा आहे का त्यात? तुम्हीच सांगत फिरता, अख्खं धान्य खा म्हणून. तांदळाचा कोंडा गिरणीत जातो, गव्हाचा चाळणीत. लाहीचं काय जातं सांग की. टरफल आत, कोंब आत, पीठ आत. शेतातनं आलेला दाणा उलटा होऊन पुडीत बसतोय, एवढंच.

माधवी : यातलं काही खोटं नाही. नुसत्या गरम हवेवर फोडलेल्या १०० ग्रॅम लाह्यांत साडेचौदा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, १३ ग्रॅम प्रथिनं, साडेचार ग्रॅम स्निग्ध. मधल्या वेळेच्या खाण्यात असे आकडे फार कमी पदार्थांचे निघतात.

अप्पा : झालं मग. छापतो.

माधवी : थांबा. १०० ग्रॅम लाह्या एका बैठकीला कोण खातं? आठ ग्रॅममध्ये मोठा कप भरतो. त्यात उष्मांक ३१, प्रथिनं एक ग्रॅम, तंतू एक ग्रॅमहून जरासे जास्त. पाकिटावर शंभराचा आकडा आणि आत पंचवीस ग्रॅम.

अप्पा : मग कप भरतोय ते वाईट झालं काय? तेच तर लाहीचं मोठेपण. पोराला डोळ्यांनी पसाभर दिसतं, हाताला पसाभर लागतं आणि पोटात जातं मूठभर. वेफर्सची पुडी फोडली की निम्मी हवा. माझ्या पुडीतली हवा निदान खाता तरी येते!

इथे माधवी हसली. मला वाटतं तिला हा मुद्दा मान्यच होता. तिने स्वतःच २०१२ सालचा एक प्रयोग सांगितला : लोकांना एकदा सहा कप लाह्या दिल्या, म्हणजे १०० उष्मांक, आणि एकदा एक कप वेफर्स, म्हणजे १५० उष्मांक. लाह्या खाल्ल्यावर भूक जास्त भागल्याचं लोकांनी सांगितलं. अप्पांनी लगेच मुलाला हाक मारली, हेही पाकिटावर घाल म्हणून. ती हाक माधवीने मध्येच अडवली.

माधवी : तो प्रयोग कमी तेलाच्या लाह्यांचा होता, अप्पा. तुम्ही किलोभर मक्याला तेल किती घालता?

अप्पा : पाव किलो. पामतेल.

माधवी : आणि मीठ?

अप्पा : पंचवीस ग्रॅम. पिवळं मसाल्याचं मीठ येतं ते.

माधवी : आता पाटी घ्या. किलोभर मका फुटला की वाफ निघून जाते, लाही साडेआठशे ग्रॅमच्या आसपास उरते. त्यात तुमचं अडीचशे ग्रॅम तेल, वर मीठ. सगळं मिळून अकराशे पंचवीस धरा. मक्याचं स्वतःचं तेल चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम असतंच. म्हणजे तुमच्या पुडीत चौथा हिस्सा तेल आहे.

अप्पा : चौथा?

माधवी : बटाट्याच्या वेफर्समध्ये तिसरा असतो. शाळेने तिसरा हिस्सा बंद केला आणि चौथा हिस्सा मागवला.

अप्पांनी गल्ल्यातली पेन्सिल काढून नमुन्याच्या पाठीवर बेरीज केली. बेरीज तिचीच आली. मग ते उठले आणि आतून मूठभर मका घेऊन आले. हा माणूस हरायला लागला की मालाकडे वळतो, हे मला ठाऊक होतं.

अप्पा : हा दाणा बघ. कोंबडीला घालतात तो मका नव्हे हा. त्याला कितीही तापव, करपेल पण फुटायचा नाही. पोटात मऊ पीठ असतं त्याच्या. ह्याचं टरफल काचेसारखं. आत ओल असते.

माधवी : शंभरात चौदा भाग.

अप्पा : तुझे चौदा भाग मी दाताखाली ओळखतो. कट्‌ असा आवाज आला तर वाळलाय. मग रात्री डब्यात घालून पाण्याचा हबका मारायचा, झाकण घट्ट, मधनंमधनं डबा हलवायचा. तसं केलं नाही तर सकाळी घाण्यात निम्मे गणंग. ज्वारीचंही तेच. आई नागपंचमीच्या आधी ज्वारीवर कढत पाणी ओतून, निथळून, रात्रभर फडक्यात दाबून ठेवायची. ओल टरफलात कोंडली की दाणा फुटतो, ओल उडाली की बसला ठणठणीत.

माधवी : हेच फ्रान्समधल्या दोघा अभियंत्यांनी २०१५ मध्ये मोजलं. १८० अंशांच्या आसपास आतलं पाणी वाफ होऊन टरफलावर इतकं दाबतं की ते टिकत नाही. तोवर आतलं पीठ शिजून लिबलिबीत झालेलं असतं, ते बाहेर येऊन फेसासारखं फुगतं आणि गार होताना तसंच गोठतं. पण यात तेलाचं काम कुठे आहे, अप्पा? आजोबा वाळूत फोडायचेच ना? मग तेल कुठून आलं?

अप्पा : मिठातनं.

या उत्तराने माझीही भुवई वर गेली. तेल फोडणीसाठी घालत असतील असा माझा समज होता.

अप्पा : कोरड्या लाहीला मीठ धरत नाही, पोरी. वाळूतल्या लाहीवर मीठ टाक, सगळं पाटीच्या तळाला. बाबा मीठ लावायचेच नाहीत. त्या लाह्या लोक घरी नेऊन ताकात कालवायचे, नाहीतर दळून पीठ करायचे, नाहीतर दहीकाल्यात. मीठ घरात पडायचं. आता पोरगं पुडी फोडून तिथेच खातंय, म्हणजे मीठ मलाच लावायला पाहिजे, आणि लावायचं तर तेल पाहिजे.

पॉपकॉर्नच्या पौष्टिकपणावर इतकं लिहिलेलं वाचलंय, पण दाण्याची चांगली गोष्ट कुठे बिघडते ते इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही. लाही जोवर कुणाच्या तरी जेवणात मिसळायची होती तोवर ती कोरडी राहू शकत होती. ती एकटीने, उभ्या उभ्या, पुडीतून खायची झाली तेव्हा तिला तेल आणि मीठ चिकटलं. याचं टोक बघायचं तर अमेरिकेतल्या थिएटरात. तिथे १९९४ साली सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेने खोबरेल तेलात फोडलेले पॉपकॉर्न तपासले. मध्यम आकाराच्या एका पुड्यात ३७ ग्रॅम संपृक्त स्निग्ध निघालं. मोठ्या माणसाला दिवसभरात वीसच्या आसपास पुरे. मका तोच, तंतू तेवढेच, आणि तरीही तो पुडा दिवसभराच्या खाण्यापेक्षा जड.

अप्पा : थिएटरची गोष्ट सोड. तिथे चारशे रुपये देऊन बादली घेतात, मग पैसे वसूल करायला संपवतात. माझी पुडी पंचवीस ग्रॅमची. तुझ्या हिशोबाने मीठ निघालं अर्धा ग्रॅम. दिवसाला किती चालतं?

माधवी : जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते. मुलांना त्याहून कमी.

अप्पा : मग अर्ध्या ग्रॅमने काय डोंगर कोसळतोय? डब्यातल्या लोणच्याच्या फोडीत त्याहून जास्त असेल.

माधवी : असेल. आणि ती फोडही तो खाणारच आहे.

अप्पा : म्हणजे लोणचं आईचं म्हणून माफ, आणि माझी पुडी बाजारची म्हणून गुन्हेगार!

या फेरीत अप्पांचं पारडं जड होतं, हे सांगितलं पाहिजे. एकेका पदार्थाला पिंजऱ्यात उभं करायची आपल्याकडे आता सवयच लागली आहे. अर्धा ग्रॅम मीठ आणि सहा-साडेसहा ग्रॅम तेल ही काही विषाची पुडी नव्हे. पण माधवी तिला विष म्हणतच नव्हती. तिचा आक्षेप हिरव्या अक्षरांना होता.

अप्पा : कायद्याचं बोल. मुलाने वकिलाला विचारलंय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमात १०० ग्रॅमला सहा ग्रॅम तंतू असले की ‘तंतूंनी भरपूर’ असं लिहिता येतं. माझ्या तेलकट पुडीतसुद्धा दहा-अकरा निघतील.

माधवी : निघतील. लिहा ते. खरं आहे म्हणून लिहा. पण त्याच नियमात ‘कमी सोडियम’ लिहायला १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तुमच्याकडे साधारण नऊशे आहे. त्याबद्दल पाकीट गप्प बसणार.

अप्पा : आपला दोष दारावर कोण टांगतंय?

माधवी : मागच्या बाजूला टांगावाच लागतो, बारीक टायपात. म्हणून तर पुढचा शब्द मोठा करतात.

मग ती दुसऱ्या ओळीकडे वळली, त्या फळांच्या. ही ओळ मुलाला फोनवर सापडली होती आणि ती हवेतून आलेली नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जो विन्सन यांनी २०१२ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत सांगितलं होतं की पॉपकॉर्नमध्ये, मुख्यतः त्याच्या टरफलात, पॉलिफेनॉल भरपूर असतात. एका वेळच्या खाण्यात ३०० मिलिग्रॅमपर्यंत, पुष्कळ फळांहून जास्त. फळात पाणीच पाणी, लाही सुकी, त्यामुळे वजनाला वजन लावलं की लाही पुढे जाणारच.

माधवी : त्यांनी लाहीत किती आहे ते मोजलं. पोरांच्या रक्तात किती उतरतं ते वेगळं. टरफलातलं हे द्रव्य तंतूंना घट्ट चिकटलेलं असतं, बरंचसं आतड्यातून तसंच पुढे जातं. आणि पेरूतलं क जीवनसत्त्व लाहीत कुठून आणणार? फळांच्या जागी पॉपकॉर्न चालणार नाही, हे खुद्द विन्सनच सांगत होते.

अप्पा : ते टरफल दातात अडकतं तेवढंच मला माहीत. (मुलाला) फळं काढ रे.

एक ओळ गेली. अप्पांनी ती इतक्या सहज सोडली की ती मुळात त्यांची नव्हतीच हे उघड होतं. ‘पौष्टिक’ मात्र त्यांनी बोटाने झाकून धरलं होतं.

अप्पा : बरं, तुला एक विचारतो. शाळेत काहीतरी विकलं जाणारच. पोरं डबा अर्धा टाकून पुडी घेणारच. मग ज्वारीच्या लाह्या ठेवू? खातील?

माधवी : नाही खाणार. आणि ज्वारीची बाजू घ्यायला मी आलेले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा. कोरडा मका आणि ज्वारी दोन्ही उष्मांकात सारखे, ३३४. प्रथिनं ज्वारीत दहा, मक्यात नऊच्या आतबाहेर. तंतू ज्वारीत दहा, मक्यात बारा. ज्वारी आपली म्हणून सात्त्विक आणि मका परका म्हणून थिल्लर, असं पोट काही मानत नाही.

अप्पा : परका? मिरजेत मक्याच्या लाह्या माझ्या लहानपणापासून मिळतात.

माधवी : तरी तो मुळात अमेरिका खंडातलाच. पेरू देशाच्या किनाऱ्यावर साडेसहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली आहेत आणि त्या लोकांना लाह्या ठाऊक होत्या. पण मेक्सिकोकडच्या जुन्या लोकांनी मका एकटा खाल्ला नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवला, सोबत घेवडा खाल्ला. युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गरिबांनी नुसत्या मक्यावर दिवस काढले, चुना नाही, डाळ नाही, तेव्हा पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, जुलाब, डोकं भ्रमिष्ट. मक्यातलं नायसिन असं बांधलेलं असतं की चुन्याशिवाय फारसं सुटत नाही.

अप्पा : ज्वारीने नाही ना असलं होत?

माधवी : होतं. दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसला. हैदराबादच्याच गोपालन यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीनशी लावला. पुडीने पोरांना पेलाग्रा होणार नाही, ती डाळ-भात खातातच. पण दोन्ही धान्यांच्या प्रथिनात एक उणीव सारखीच आहे, लायसिन कमी. आणि लायसिन हरभऱ्यात भरपूर.

अप्पा काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी मागच्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि झाकण उघडून तिच्यापुढे सरकवला. आत फुटाणे.

अप्पा : बाबा दोन आण्याला जी पुडी बांधायचे त्यात चुरमुरे, लाह्या, फुटाणे, शेंगदाणे सगळं असायचं. नुसत्या लाह्या मागितल्या तर विचारायचे, घरात पूजा आहे का? नुसती लाही देवाला. माणसाला मिसळ.

माधवी : मग मी एवढा वेळ दुसरं काय सांगतेय?

अप्पा : तू मघापासून तेल आणि मीठ सांगतीस. हे आत्ता सांगितलंस.

खरं होतं. आहारशास्त्राची भाषा वजाबाकीची झाली आहे : हे कमी करा, ते काढा. अप्पांना वजाबाकी पटत नव्हती, कारण प्रत्येक वजाबाकीबरोबर चव जाते आणि गिऱ्हाईक जातं. बेरीज म्हटल्याबरोबर ते दुकानदार झाले. पुढची पंधरा मिनिटं वाद नव्हता, कामाची बोलणी होती. लाही यंत्रात न फोडता पुन्हा वाळूत फोडायची, असं त्यांनीच सुचवलं. मीठ धरायला किलोला तीस ग्रॅम शेंगदाण्याचं तेल, तेही पिचकारीने. मीठ मिक्सरमध्ये पिठासारखं दळायचं. बारीक मीठ जिभेवर लगेच विरघळतं, म्हणून निम्म्यात भागतं. थोडी हळद, जिरेपूड. माधवीने एकच अट घातली.

माधवी : शाळेला बालवाडी आहे का?

अप्पा : आहे.

माधवी : तिकडे ही पुडी द्यायची नाही. चार वर्षांखालच्या पोराच्या श्वासनळीत लाही अडकते, फुटाणा अडकतो, शेंगदाणा तर हमखास. हे मोठ्या अक्षरात लिहा. हिरव्या नको, लाल.

अप्पा : लिहितो. आणि मोठ्या पोरांनी पुडीवर पुडी खाल्ली तर?

माधवी : त्यांना डाव्या हाताने खायला सांगा.

अप्पा : चेष्टा करतीस?

माधवी : नाही हो. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने प्रयोग केला होता. थिएटरात लोकांना आठवडाभर शिळे, मऊ पडलेले पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमाबरोबर खायची सवय होती त्यांनी ताज्याइतकेच संपवले, आवडले नाहीत तरी. मग दुसऱ्या खेपेला काही जणांना नेहमीच्या हाताने न खाता दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा सवय मोडली आणि शिळे कमी संपले.

अप्पा : आमच्या आईने डाव्या हाताने खाल्लं म्हणून फटका दिला असता.

हसणं झाल्यावर अप्पांनी एक रिकामं पाकीट घेतलं, त्यात दोन मुठी लाह्या आणि एक मूठ फुटाणे-शेंगदाणे टाकले, तोंड दुमडून चार वेळा हलवलं आणि उघडून सगळ्यांना दाखवलं. वर लाह्याच लाह्या. फुटाणे आणि शेंगदाणे तळाशी जाऊन बसलेले.

अप्पा : हे बघ तुझं लायसिन. पोरगं वरच्या लाह्या खाणार, तेवढ्यात घंटा होणार, खालचं सगळं कचऱ्यात.

माधवी : चिकटवता येईल? गुळाच्या पातळ पाकात?

अप्पा : गूळ लागला की तुझी साखर आली. आणि नुसती साखर नाही, कर पण आला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली तेव्हा आम्ही व्यापारी लोक दोन दिवस हसत होतो. मीठ-मसाल्याचे सुटे पॉपकॉर्न पाच टक्के, तेच पाकिटात तेव्हा बारा, आणि कॅरमेल लावले की अठरा. गुळाला ते काय म्हणतील, कोण जाणे.

माधवी : मग लाही छोटी घ्या. मका बारीक दाण्याचा.

अप्पा : बारीक दाण्याची लाही जड पडते, पुडी रिकामी दिसते. आणि हे कळलं का तुला, लाही दोन रुपयांना पसाभर होते, शेंगदाणा तसा नाही. शेंगदाणा घातला तर दहात पंचवीस ग्रॅम बसत नाही. बाराला द्यावी लागेल. शाळेत बाराला सुटे कोण देतंय?

माधवी : शेंगदाणे काढा, फुटाणे ठेवा. वजन वीस करा.

अप्पा : वीस. (पेन्सिलने लिहीत) फुटाणा अख्खा नको, सोलून डाळं घालतो. डाळं सपाट असतं, लाहीच्या बेचक्यात बसेल थोडं. तरी निम्मं खाली जाणारच. पुडी उभी न करता आडवी, लांबट केली तर?

मुलगा नमुना घेऊन उभा होता. पाकिटाचा आकारच बदलायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. ब्लॉकचे पैसे देऊन झाले होते. अप्पांनी त्याच्या हातातून नमुना घेतला, आडवा धरला, पुन्हा उभा धरला, आणि आतल्या पोऱ्याला पावशेर डाळं आणायला सांगितलं.